पोती ना गो, बाय!

लग्न होऊन मी गोव्यात आले १९९४ साली. माहेर कोल्हापूरचं. पहिल्याच महिन्यात सासूबाईंबरोबर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेले. घरात सगळे त्यांना मांय म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले होते. भाजीवालीपुढे उकिडव्या बसून मांय म्हणाल्या, "एक पोती दी गो." मी चमकलेच. आमच्याकडे पोती म्हणजे साखरेची नाहीतर सिमेंटची, दोन माणसांनी मिळून उचलायची. दोन जुड्या तांबडी भाजी आणि पाव किलो भेंडी न्यायला या पोती कशाला मागतायत? भाजीवालीने मांडीखालच्या गोणपाटातून एक पातळ, निळसर, फुंकर मारली तर उडेल अशी प्लास्टिकची पिशवी ओढली. अंगठ्याला थुंकी लावून तिचं तोंड उघडलं आणि भाजी आत कोंबली. कोकणीत पिशवीला पोती म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवशी मांयच्या काखेत स्वतःची कापडी पिशवी होती, हे मात्र माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. सासऱ्यांच्या जुन्या खाकी पँटची, दुहेरी शिवणीची, बंदांना आतून ठिगळ लावून बळकट केलेली पिशवी. प्लास्टिकची पोती मागितली ती त्या पिशवीच्या आत ठेवायला, म्हणजे भाजीच्या मुळांचं पाणी खालच्या तुरडाळीला लागू नये. प्लास्टिक आमच्या घरात असं आलं, कापडी पिशवीच्या पोटात, ओल्याची सोय म्हणून. पुढे केव्हा तरी आतली पिशवी तेवढी राहिली आणि बाहेरची घरातल्या खिळ्यावर अडकून पडली. नक्की केव्हा ते सांगता येणार नाही. असल्या बदलांना तारीख नसते.

बंदीला मात्र तारखा असतात, आणि प्लास्टिकच्या पिशव्यांवरच्या बंदीला तर ढीगभर आहेत. गोव्यात न कुजणाऱ्या कचऱ्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा १९९६ सालचा आहे. देशपातळीवर १९९९ साली पिशवी निदान २० मायक्रॉन जाडीची हवी असा नियम झाला. २०११ साली ते ४० झाले, २०१६ साली ५०, सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि डिसेंबर २०२२ अखेर १२०. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आमच्या भाजीवालीची निळी पोती केसाहूनही बारीक होती. मधल्या मध्ये १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉ, चमचे, ताटल्या, पेले आणि सजावटीचं थर्मोकोल देशभर बंद झालं.

जाडी वाढवत नेण्यामागचा विचार चुकीचा नाही. जाड पिशवी महाग पडते, म्हणून दुकानदार ती फुकट वाटत नाही. आणि वजनाला भरते, म्हणून कचरा वेचणारा ती उचलतो. पातळ पिशव्या किलोभर जमवायच्या तर शेकड्यांनी वेचाव्या लागतात, मग कोण वाकणार? पण बाजारात मायक्रॉन मोजायचं यंत्र कुणाकडे असतं? तिथे मोजमाप दोन बोटांचं. भाजीवाल्या पिशवी चिमटीत धरून चोळतात आणि सांगतात, "ही चलता," "ही चलना." एकदा मी त्यांच्यातल्या एकीला विचारलं, कसं कळतं गं? ती म्हणाली, जी आवाज करते ती चालत नाही. मी घरी येऊन दारामागच्या पिशव्या चोळून बघितल्या. बाई बरोबर होती. पातळ पिशवी कुरकुरते, जाड पिशवी मुकी असते.

दारामागच्या पिशव्या म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. प्रत्येक घरात एक पिशव्यांची पिशवी असते. ओट्याखाली, दारामागे, नाहीतर सिलिंडरच्या बाजूला. बंदीचा बोलबाला सुरू झाला त्या आठवड्यात मी आमची उपसली. एकशे त्रेचाळीस निघाल्या. त्यातल्या काही इतक्या जुन्या की हात लावताच पापडासारख्या मोडल्या आणि ओट्यावर पांढरा चुरा पडला. तो चुरा ओल्या फडक्याने टिपताना पहिल्यांदा वाटलं, हे 'नष्ट होणं' नव्हे. पिशवी फक्त बारीक झाली, आहे तेवढीच. फडकं मोरीत पिळलं. मोरीचं पाणी कुठे जातं ते पुढे आठवायचा कंटाळा केला, हे कबूल करते.

लोकांनी बंदी कशी घेतली याचं उत्तर कुणाला विचाराल त्यावर अवलंबून आहे. आमच्या वाड्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात दोन दिवस नुसतं रण माजलं होतं. "आधी कारखाने बंद करा, मग आमच्याकडे या." "वेफर्सच्या पाकिटांचं काय? दुधाच्या पिशवीचं काय?" "आमच्या लहानपणी कुठे होतं प्लास्टिक?" हे शेवटचं ज्यांनी लिहिलं, ते काका सकाळी पावाची पिशवी फाटकावरून काढायलासुद्धा सुनेला पाठवतात. वेफर्सचा प्रश्न मात्र खराच आहे. चकचकीत पाकीट अनेक थरांचं असतं, ते वितळवून पुन्हा वापरणं कठीण, त्यामुळे कचरा वेचणारेही त्याला हात लावत नाहीत. ते राजरोस चालतं आणि तांबडी भाजी विकणारीच्या मांडीखालची पोती जप्त होते. बाजारात तपासणीला माणसं आली की एका टोकाची आरोळी दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत सगळ्या निळ्या पिशव्या गोणपाटाखाली जातात. मग तासाभराने ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या हातात एक पिशवी सरकवत ती हळूच म्हणते, "लिपवून व्हर." मी अशी लपवून आणलेली आहे. दारू नव्हे, चोरटं सोनं नव्हे, अर्धा किलो आगशीची वांगी.

महाराष्ट्रात बंदी आली तेव्हा, २०१८च्या जूनमध्ये, कोल्हापुरातून बहिणीचे रोज फोन. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड, त्यामुळे सगळे धास्तावलेले. तिच्या गल्लीतले लोक म्हणे रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे स्टीलचे डबे घेऊन रांगेत उभे राहायला लागले, जसे आमच्या लहानपणी राहायचे. ती हसत होती, पण तिच्या आवाजात बरं वाटल्यासारखंही होतं. डब्यावर नवऱ्याचं नाव कोरलेलं, लग्नातला आहेर. वीस वर्षं माळ्यावर पडलेला डबा पुन्हा मटणाला लागला. तीन-चार महिन्यांनी विचारलं, डबा कुठंय? म्हणाली, "परत माळ्यावर. दंड कुणाला झालाय का बघत होते सगळे, कुणाला झाला नाही."

आता माझी फजिती. तिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले.

मी बंदी मनावर घेतली. थोडी जास्तच. जुन्या चादरींच्या सहा पिशव्या शिवल्या, प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि ठरवलं की आता काहीही झालं तरी पोती घ्यायची नाही. जुलै महिना, गोव्यातला पाऊस म्हणजे तुम्हाला ठाऊकच. बाजारात बांगडे स्वस्त लागले होते. गोव्यात मासळीचा वाटा असतो, ती वजनावर नव्हे, ढिगावर घ्यायची. नुस्तेवालीने वाट्यावर आणखी दोन बांगडे ठेवले आणि सवयीने हात पोतीकडे नेला. मी म्हटलं, नको, माझी पिशवी आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या शहाण्या माणसाला अचानक वेड लागल्यावर बघावं. तरी बांगडे टाकले पिशवीत.

बस भरलेली होती. मला खिडकीजवळची जागा मिळाली, पिशवी पायाशी. पुलापर्यंत काही नाही. पुलावर माझ्या पुढच्या सीटवरच्या शाळकरी मुलीने पाय वर घेतले. मग तिच्या शेजारच्या बाईने. एक लालसर ओघळ बसच्या मधल्या पट्टीवरून पुढे निघाला होता, आणि चढ आला की माझ्याकडे परत येत होता, उतार आला की कंडक्टरकडे जात होता. कंडक्टर वाकला, ओघळाच्या उगमापर्यंत डोळ्यांनी चालत आला आणि माझ्यावर थांबला. "बाय," तो म्हणाला, "बांगडे तिकीट काडून बशिल्ले आसात मगो?" सगळी बस हसली. मीही हसले, पण उतरल्यावर घरापर्यंतचा रस्ता मी अशी भरभर चालले, की जणू मागून कुणी येतंय.

पिशवी तीनदा धुतली. चिंचेच्या पाण्यात भिजवली, लिंबाच्या साली चोळल्या. पावसात ती चार दिवस वाळली नाही आणि पाचव्या दिवशी वास आला तो बांगड्याचा नव्हता, बुरशीचा होता. मांय तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या, दिवसाचा बराच वेळ सोप्यावरच्या खुर्चीत. त्यांनी सगळा प्रकार पाहून एवढंच विचारलं, "पांटली खंय उडयली?" पांटली म्हणजे त्यांची जुनी वेताची टोपली. त्यात पान घालून मासळी आणायच्या, नळाखाली धरली की झालं, पाणी वरून आत आणि खालून बाहेर. ती टोपली मीच पाच-सहा वर्षांपूर्वी घर रंगवताना फेकली होती. मी गप्प बसले.

मासळीसाठी आता क्लिपवाला स्टीलचा डबा नेते. कोल्हापूरच्या बहिणीपेक्षा एवढी तरी प्रगती. नुस्तेवालीला डब्याचं काही वाटत नाही, वाटाच घ्यायचा तर डबा वजा करायची भानगडच नाही. वजनकाटा असलेल्या दुकानात मात्र दर वेळी वाद. आधी डबा तोला, मग वजा करा. मागे रांग, पुढे वैतागलेला पोरगा.

ओल्याचा प्रश्न सुटलेला नाही हे मी अगदी स्पष्टपणे म्हणेन. बंदीवर बोलणारे बहुतेक लोक कोरडं सामान डोळ्यापुढे ठेवून बोलतात. डाळ, तांदूळ, साबण यांना कापडी पिशवी हवी तेवढी पुरते. पण आमचा प्रदेश ओला, खाणं ओलं आणि वर्षातले चार महिने आकाशही ओलं. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, पॉं-पॉं करत येतो. बहुतेक घरांच्या फाटकाला एक कापडी पिशवी टांगलेली असते. आत पैसे ठेवायचे, तो तेवढे उंडे नाहीतर पोळ्या (दोन्ही पावांचेच प्रकार) टाकून पुढे जातो. ही पद्धत कुठल्या सरकारी मोहिमेने आणलेली नाही, आणि आठ महिने ती झकास चालते. पावसाला सुरुवात झाली की त्याच फाटकावर प्लास्टिकची पिशवी येते, कारण भिजलेली पोळी कावळाही खात नाही. पदेराच्या सायकलीवरची टोपलीसुद्धा निळ्या प्लास्टिकखाली असते. त्याला कुणी काही बोललं तर मी पदेराच्या बाजूने भांडेन.

उलट काही वस्तूंना पिशवी लागतच नाही, हे मी या सगळ्या खटाटोपात नव्याने पाहिलं. मे महिन्यात पुरुमेंताचा बाजार भरतो, पावसाळ्याची बेगमी. तिथे कांदे माळेने मिळतात. पातींची वेणी घातलेली, खांद्यावर टाकली की निघालं घरी. चोरीस, म्हणजे गोव्याची मसालेदार सॉसेजं, माळेनेच येतात. मयड्याच्या केळ्यांचा घड दांड्याने धरायचा. मंगेशीला देवळाबाहेर अबोलीची, जाईची फांती, म्हणजे गजरा, केळीच्या पानात बांधून मिळते, पान केळीच्याच सोपटाने बांधलेलं, आणि संध्याकाळपर्यंत फुलं टवटवीत. प्लास्टिकमध्ये तासाभरात घामेजून काळी पडतात. फुलवाल्यांना कुणी पर्यावरण शिकवलं नाही, धंदा शिकवला. पानात फुलं टिकतात म्हणून पान.

जुन्याचे गोडवे गाताना मात्र जरा जपून. पसरकाराकडची, म्हणजे वाण्याकडची, वर्तमानपत्राची पुडी आणि वरून दोऱ्याचा गुंडाळा मलाही आठवतो. दोरा छताला टांगलेल्या रिळातून खाली यायचा आणि बोटाला एक झटका देऊन तो तोडायचा. आम्ही ते दोरे जपून गुंडा करायचो. पण छापलेल्या कागदात खाण्याचे पदार्थ बांधू नका म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच बजावलं, २०१८च्या नियमांत त्याला मनाईच केली, शाईतले विषारी पदार्थ तेलकट खाण्यात उतरतात म्हणून. म्हणजे गरम भजी प्लास्टिकमध्ये नको आणि कालच्या अग्रलेखातही नको.

आणि कापडी म्हणून आपण जी घेतो, ती तरी कापडी असते का? लग्नाच्या आहेरात, साड्यांच्या दुकानात, निवडणुकीच्या दिवसांत जी रंगीत, खरखरीत, टोचल्यासारखी नक्षी असलेली पिशवी मिळते, ती पॉलिप्रॉपिलीनची. विणलेली नाही, धागे वितळवून चिकटवलेली. प्लास्टिकच. नियमांतही ती प्लास्टिकच्याच नियमात येते, चौरस मीटरला निदान ६० ग्रॅम वजन हवं अशी अट आहे. मी काडी लावून बघितलं. कापड जळतं तेव्हा राख होते. ही आक्रसली, थेंब थेंब गळली आणि ओट्यावर एक काळी गोळी उरली. आमच्या घरातल्या 'कापडी' पिशव्यांतल्या निम्म्याहून जास्त या जातीच्या निघाल्या.

खऱ्या सुती पिशवीचंही गणित सरळ नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली हिशेब मांडला. दुकानातल्या साध्या प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायची, तर नवी सुती पिशवी हवामानावरच्या परिणामापुरती निदान ५२ वेळा वापरावी लागते. कापसाला लागणारं पाणी, खतं, ओझोनचा थर असं सगळं धरलं, तर ७१०० वेळा. ७१०० हा आकडा मराठी व्हॉट्सअ‍ॅपवर पुष्कळ फिरला, प्लास्टिकच बरं असं सिद्ध करायला. मी आपली गृहिणीच्या पद्धतीने भागाकार केला. बावन्न वेळा म्हणजे म्हापशाचे बावन्न शुक्रवार, म्हणजे एक वर्ष. हे जमण्यासारखं आहे. ७१०० शुक्रवार म्हणजे एकशे छत्तीस वर्षं, ते नातवंडांवर सोपवावं लागेल. पण एक तर त्या हिशेबात उघड्यावर, नाल्यात, समुद्रात गेलेली पिशवी धरलेलीच नाही. आणि दुसरं, मांयची पिशवी नवी नव्हतीच. ती दहा वर्षं पँट होती. तिचा कापूस केव्हाच फिटला होता. अशी पिशवी डेन्मार्कच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात घालणार?

उघड्यावर गेलेली पिशवी बघायची असेल तर पावसाळा संपल्यावर मांडवीच्या काठाने जा, खारफुटी जिथे दाट आहे तिथे. भरतीच्या पाण्याची उंची मोजायला पट्टी लागत नाही. झाडांच्या फांद्यांवर एका सरळ रेषेत पिशव्या लटकलेल्या असतात, निळ्या, काळ्या, फाटून पताका झालेल्या. रेषेच्या वर हिरवं, खाली पताका. दरवर्षी बघते. रापणकारांच्या जाळ्यातही तारल्यांबरोबर हेच वर येतं.

गंमत अशी, की ही बनियनच्या आकाराची पिशवी मुळात स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट कंपनीच्या स्टेन गुस्ताफ थुलिन या अभियंत्याची. पेटंट १९६५ सालचं. त्याच्या मुलाने नंतर सांगितलं, की वडील स्वतः ती पिशवी घडी करून खिशात ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा वापरायचे. कागदी पिशव्यांपायी झाडं तोडली जातात म्हणून त्यांनी ही बनवली होती. म्हणजे पिशवी टाकून द्यायची ही कल्पना त्याची नव्हती. ती आपली.

मला वाटतं भांडण प्लास्टिकशी जेवढं आहे, तेवढंच विसरण्याशी आहे. फुकटच्या पोतीने आपल्याला एक मोठी सवलत दिली होती, विसरण्याची. पूर्वी बाजाराला जायचं म्हणजे निघण्याआधी घरात पाच मिनिटं विचार व्हायचा. काय आणायचं, ओलं किती, कोरडं किती, तेलाची बरणी घ्यायची का. मांय पिशव्या एकीत एक घालून न्यायच्या, सगळ्यात बाहेर सर्वांत मोठी. आता आपण बाजाराला जात नाही, बाजार आपल्या वाटेत येतो. ऑफिसातून परतताना, मुलाला क्लासला सोडून येताना, सिग्नलला थांबल्यावर हॉर्टिकल्चरच्या (सरकारी भाजीच्या) गाड्यावर टोमॅटो बरे दिसले म्हणून. रिकाम्या हाताने खरेदी करता येते हा शोध पोतीने लावला, आणि आपलं सगळं दिवसाचं वेळापत्रक त्यावर बेतलं गेलं. बंदी आली ती फक्त पिशवीवर. वेळापत्रक तसंच.

विसरण्यावर औषध काय, तर किंमत. आयर्लंडने २००२ साली पिशवीमागे १५ सेंट कर बसवला आणि पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. आपल्याकडे मोठ्या दुकानांत पिशवीचे पैसे घेतात तेव्हा माणसं भडकतात. मीही भडकले आहे. सात हजारांची साडी घेतली आणि वर पिशवीचे वीस रुपये, त्यावर जाहिरात त्यांचीच! साडी पदरात धरून बाहेर पडले, वीस रुपये दिले नाहीत. खरं सांगायचं तर त्या दिवसानंतर पर्समध्ये घडीची पिशवी असतेच. रागाने जे झालं ते प्रबोधनाने झालं नव्हतं.

आणखी एक. घराघरात पिशवी लक्षात ठेवायचं खातं कुणाकडे गेलं? यजमान स्कूटर सुरू करता करता विचारतात, "पिशवी दिलीस?" जसं काही पिशवी ही मी त्यांना द्यायची गोष्ट आहे. शिवायची मी, धुवायची मी, वाळवायची मी, आणि ते विसरले तर दोष, "तू आठवण केली नाहीस." शेवटी मीच डिकीत दोन पिशव्या टाकल्या. दोन महिन्यांनी उघडून पाहिलं, तर एकीने ते सीट पुसत होते आणि दुसरीत पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि पंक्चरचं सामान होतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी दवाखान्यातून येताना म्हापशाला उतरले, शुक्रवार होता. ठरवून नव्हते आले. पर्स दुसरी, घडीची पिशवी पहिलीत. माझी नेहमीची भाजीवाली, आता तिचेही केस पिकलेत, माझ्या रिकाम्या हातांकडे बघून म्हणाली, "पोती ना गो, बाय." मी म्हटलं, असेल गं खाली एखादी. तिने गोणपाट उचलून दाखवलं. खरंच नव्हती. दोन जुड्या भाजी, एक दुधी, थोड्या मिरच्या. मी मिरच्या पर्समध्ये टाकल्या, दुधी काखेत मारला, आणि भाजी फुलांच्या गुच्छासारखी हातात धरली. मुळांची माती साडीवर गळत होती. तिला ते बघवेना. तिने स्वतःची जेवणाच्या डब्याची पिशवी रिकामी केली, डबा गोणपाटावर ठेवला आणि पिशवी माझ्यापुढे धरली. जुन्या परकराची, कडेला अजून लेस होती. "फुडल्या सुक्रारा हाड. विसरू नाका." म्हणजे पुढच्या शुक्रवारी आणून दे.

विसरले नाही. आठवडाभर ती धुऊन, घडी करून टेबलावर डोळ्यांसमोर ठेवली होती. शुक्रवारी पहिल्या बसने गेले. आधी तिच्यापुढे जाऊन पिशवी हातात दिली. तिने उलटसुलट करून बघितली, लेस ताणून बघितली, आणि डबा आत ठेवला. मग मी तांबडी भाजी मागितली, दोन जुड्या, थोडे वाल, चार काकड्या. तिने सगळं काढून ठेवलं आणि हात पुढे करून थांबली.

माझी पिशवी घरी टेबलावर राहिली होती, जिथून तिची उचलली होती तिथेच, शेजारी.

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग डबा पुन्हा बाहेर काढला.